व्हॅन विकायची म्हणजे विकायचीच

—नाही हो, बाहेर कशाला काढायची? इथं शेडमध्येच बघा की निवांत. फेब्रुवारीतलं वारं आहे, दहा मिनिटांत कान गळून पडतील तुमचे. आणि मघाशी मी 'या साहेब' म्हणालो ते मनावर घेऊ नका हं — ती लोकरीची टोपी, ते जाडे बूट, अंगाला गिलाव्याचा वास, मी म्हटलं कुणी बाप्या आला. तोंड उघडलंत तेव्हा कळलं. जाहिरातीला उत्तर पाठवलंत त्यात तरी नुसतं 'टी. हॅडली' लिहिलेलं. टॅम्सिन ना? छान नाव आहे. भिंतींना गिलावा करता म्हणजे व्हॅन लागणारच, पोती न्यायची, शिड्या न्यायच्या. मग ही तुमच्यासाठीच बांधलीय असं समजा. लिंडन प्रॉसर खोटं बोलून माल विकत नाही, अख्ख्या लेम्स्टरमध्ये विचारा कुणालाही. गिअरबॉक्स गेलाय एवढंच काय ते — नाही! गेलेला नाही! अहो, कुठं निघालात? गिअरबॉक्स ठणठणीत आहे. तो गेलाय असं मी त्यांना सांगणार आहे. म्हणजे — जाऊ द्या, ते वेगळं प्रकरण आहे, तुमचा त्याच्याशी संबंध नाही. चढा आत. चढा, बघा.

डाव्या हाताला फळ्या आहेत, गॅसच्या शेगडीची जागा आहे, खाली तो गालिचा गुंडाळून ठेवलाय तो व्हॅनबरोबर जाणार नाही. हिरवा आहे, सहा मीटर. तंबूसमोर अंथरतो आम्ही. हसू नका, फ्रान्समधल्या चिखलात चार दिवस काढले असतेत म्हणजे गालिच्याची किंमत कळली असती. ते वर लोखंडी कडं आहे ना, तिथं पिंप बांधायचं. सायडरचं. आमच्या इथल्या सफरचंदांची, मॉर्गनच्या मळ्यातली, आंबट ढाण — फ्रान्समध्ये जाऊन फ्रेंचांची दारू पिणं हे माल्डविनला पटत नाही. माल्डविन म्हणजे आमच्यातला आचारी. मी, माल्डविन आणि गेथिन, तिघं. सत्तावीस वर्षं झाली. दर जूनमध्ये ही व्हॅन भरायची, पोर्ट्समथला बोटीवर चढवायची, पलीकडे उतरायचं आणि ल मॉंला जायचं, चोवीस तासांच्या शर्यतीला. शनिवारी दुपारी चारला गाड्या सुटतात, रविवारी दुपारी चारला थांबतात. मधले चोवीस तास त्या पळतात आणि आपण कुंपणाला टेकून बघतो. बायको म्हणायची, यात बघण्यासारखं काय आहे? आता कसं सांगायचं काय आहे ते. पहाटे पाचला सॉसेज भाजल्याचा वास आणि लांबून तो आवाज, आणि सगळे जण झोप न झालेले, आणि कुणालाही तक्रार नाही. तेच आहे बघण्यासारखं. ती गेली त्यालाही नऊ वर्षं झाली.

किती पळलीय? काट्यावर असेल, बघा की तुम्हीच. नाही, चष्मा आत राहिला माझा.

तर विकायची का, असं विचारलंत मघाशी. विकायची कारण विकायची. आज संध्याकाळी सातला पबमध्ये बैठक आहे आमची. दर फेब्रुवारीत असते. बोट कुठली घ्यायची, कुणी काय आणायचं, तंबूचा तुटलेला खांब कुणी बदलायचा होता आणि का बदलला नाही. यादी मी करतो. व्हॅन मी चालवतो. कॅम्पची जागा माझ्या नावावर आहे. आणि गेथिन सहाला येतो इथं, यादीची पेटी न्यायला. पेटी उचलायला दोन माणसं लागतात असं तो म्हणतो, एका हातात मावते खरं तर. मग तो शेडमध्ये डोकावतो आणि बॉनेटवर थाप मारतो, म्हातारी अजून आहे का म्हणून. म्हणून म्हटलं, सहाच्या आत शेड रिकामी हवी. तो आला की सांगायचं, गिअरबॉक्स गेला रे, भंगारवाला घेऊन गेला, या वर्षी राहू दे. संपलं. सुंठीवाचून खोकला गेला. व्हॅन नाही म्हणजे जाणं नाही, जाणं नाही म्हणजे कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

टायर बघा, गेल्या वर्षीचे आहेत. आणि ब्रेक! ब्रेकचं तर मी लिहून देतो. नोव्हेंबरमधली गोष्ट सांगतो. शाळेसमोरचा रस्ता, मी ब्रेड आणायला निघालेलो, वेग काहीच नाही, वीस म्हणा. आणि एकदम कुणीतरी ओरडलं. मी पाय दाबला तर ही अशी उभी राहिली, जागच्या जागी, ब्रेडची रिकामी टोपली मागून पुढं आली. बॉनेटपासून हातभर अंतरावर ती बाई. मिसेस लव्हरिज, पोरांना रस्ता ओलांडून देते ती. पिवळं जाकीट, हातात थाळीएवढी गोल पाटी, सोळा वर्षं तिथंच उभी राहते. चंद्रावरून दिसेल अशी बाई. पोरं अजून फुटपाथवर होती, देवाची कृपा. ती आली, काच वाजवली, म्हणाली, "लिंडन, डोळ्यावर ऊन आलं का रे?" मी म्हटलं, हो, ऊन. ती म्हणाली, "नोव्हेंबरात असं होतं खरं." आणि गेली. आणि मान वर करून बघितलं तर काय — आभाळ नुसतं राखाडी, ऊन कुठलं? तिनं आपणहून मला खोटं आणून दिलं आणि मी ते घेतलं. तेव्हापासून बाहेर नाही काढलेली ही. तर ब्रेक उत्तम आहेत, एवढंच सांगायचं होतं मला.

उतरताय का? बसा.

चहा घ्या थोडा, थर्मासमध्ये आहे. तुम्हीच ओता. तुम्हाला एक गंमत सांगतो, म्हणजे हसाल. तिथं कॅम्पमध्ये प्रत्येकाची जागा आखलेली असते, गवतावर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला. आमची जागा ओकच्या झाडाखाली कोपऱ्यात. शरद ऋतूत कॅम्पवाल्यांचं पत्र येतं — जागा ठेवायची की सोडायची? एकदा सोडलीत की गेली, मागं शेकडो लोक टपलेले असतात. म्हणून मी सत्तावीस वर्षं न चुकता हो म्हणत आलो. बायकोचं ऑपरेशन होतं त्या वर्षीसुद्धा आधी हो कळवलं, मग हॉस्पिटलात गेलो. या नोव्हेंबरातही कळवलंय. हो, मिसेस लव्हरिजच्या त्या प्रकारानंतर, त्याच आठवड्यात. का ते मला विचारू नका. तर गेल्या जूनमध्ये आम्ही पोचलो, मी नेहमीसारखी झाडाच्या अंदाजानं व्हॅन लावली, आणि दोन तास राबून सगळं उभं केलं. तंबू, मांडव, गालिचा, शेगडी, पिंप, बैलाचं चित्र असलेलं आमचं निशाण. सायडरचा पहिला पेला भरला आणि मागं हॉर्न. डेन्मार्कवाले. पाच जण, दोन गाड्या. त्यातला बेंट नावाचा दाढीवाला गालिच्याचं टोक उचलतो आणि खालचा नंबर दाखवतो — जागा त्यांची! आम्ही ओक चुकलो होतो. एक रांग अलीकडच्या ओकखाली बसलो होतो, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. माल्डविन हसून हसून आडवा झाला. बेंट भला माणूस, म्हणाला आता पिंप हलवू नका, आम्ही तुमच्या जागेत जातो. रात्री एकत्रच जेवलो. माल्डविन अजून पबमध्ये ती गोष्ट सांगतो, दर वेळी झाड आणखी लांब जातं.

गेथिन हसला नव्हता. नंबरवर मीच गालिचा अंथरलेला. माझ्या हातानं, वर उभं राहून, चार ठिकाणी टाचून. हे त्यानं बघितलं होतं.

तुम्ही फार चांगलं ऐकता हो, पोरी. भिंतींची सवय असेल.

बरं, शर्यतीचा तक्ता मी ठेवतो. म्हणजे दर तासाला पहिले दहा कोण, ते पेन्सिलीनं वहीत लिहायचं. आता सगळं मोबाइलवर दिसतं, पण आमचा नियम आहे, वहीत नाही ते झालंच नाही. मला नंबर बघावेही लागत नाहीत खरं तर, इंजिनाच्या आवाजावरून सांगतो कुठली गाडी आली. डोळे मिटून सांगतो. त्या दिवशी पैजेवर सांगितलंसुद्धा, बेंटनं टाळ्या वाजवल्या. पण एकाच बनावटीच्या तीन-तीन गाड्या असतात हो, आवाज एक, नंबर वेगळे. अंधार पडल्यावर मी — काय केलं असेल? ठोकून दिले आकडे. मनाला येईल ते. प्रत्येक तासाला दहा खोटे आकडे, सुवाच्य अक्षरात. सत्तावीस वर्षांच्या वह्या आहेत घरात, एक खोडाखोड नाही, आणि त्यात हे. घरी आल्यावर भिंग घेऊन बसलो, म्हटलं बघू तरी काय पाप केलंय. तर पानं बरोबर होती. माझे आकडे रबरानं पुसलेले आणि वर गेथिनचं अक्षर. त्याचा सात ओळखू येतो, मधे आडवी रेघ मारतो तो. मी झोपलो होतो तेव्हा बसून केलं असणार. एक अक्षर बोलला नाही. बोटीवर नाही, घरी नाही, ख्रिसमसला नाही. मीही नाही बोललो. आता तो माझ्यापाशी आला की हवापाण्यावर बोलतो. गेथिन! ज्यानं उभ्या जन्मात हवेबद्दल तक्रार केली नाही असा माणूस!

हो. डोळे. कळलंच असेल तुम्हाला आतापर्यंत, मूर्ख थोड्याच आहात. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आंधळा नाही होणार हं, तसं नाही. कडेचं सगळं दिसतं. हा दरवाजा दिसतो, ही शिडी दिसते, तुमचे बूट दिसतात. जिकडे बघावं तेवढंच जातं. म्हणजे मुद्दाम बघायला गेलं की तिथं धुकं. चेहऱ्याचा कान दिसतो, टोपी दिसते, मधला माणूस नाही. गाडी चालवायची नाही, म्हणाल्या, आणि लायसन्सच्या ऑफिसला तुम्ही स्वतः कळवायचं. फॉर्म आतल्या खोलीत घड्याळामागं ठेवलाय. भरायला दिसत नाही, असं मी स्वतःशी म्हणतो आणि स्वतःच हसतो.

कळवलं की काय होईल ते ऐका. या गावात बस आठवड्यातून दोनदा येते, मंगळवारी आणि शुक्रवारी, तीही ड्रायव्हरची लहर असेल तर. गाडी नाही म्हणजे दूध नाही, पब नाही, औषध नाही. हे तीन महिने सबबी सांगून काढले, पण कायमचं तसं चालत नाही. मग कुणाला तरी सांगावं लागणार. माल्डविनला सांगितलं की ग्लेंडाला कळलं, ती त्याची बायको. ग्लेंडाला कळलं की मेरियलला कळलं. मेरियल माझी लेक, रेडिंगला असते. दर रविवारी ग्लेंडा तिला फोन करते, इथं मी सकाळी शिंकलो की दुपारी तिकडून काढा सांगितला जातो. आणि मेरियलनं तिच्या गॅरेजच्या वर खोली बांधून ठेवलीय. माझ्यासाठी. रंगसुद्धा विचारून दिला, मी म्हटलं कुठलाही दे, तर पिवळा दिला. प्रेमळ आहे हो पोरगी, तिच्याबद्दल एक वाकडा शब्द नाही माझा. पण त्या खोलीला एक खिडकी आहे आणि खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत. जावई रोज सहाला येऊन विचारणार, कसं काय बाबा, आणि मी म्हणणार, मजेत. मरेपर्यंत मजेत! मला नाही जायचं तिकडे. इथं अंधारातही मला कळतं जिना किती पायऱ्यांचा आहे. तिथं मी खरोखरच आंधळा होईन.

काय? गेथिननं चालवावी? अगदी सोपं वाटतं नाही तुम्हाला? चालवेल की. माझ्यापेक्षा बरी चालवतो तो. पण मी चावी त्याच्या हातात देणार म्हणजे काहीतरी बोलून देणार ना? काय बोलू? आणि माहीत असेल त्याला, शंभर टक्के माहीत आहे, पण त्याला माहीत असणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं. मी सांगितलं की ते खरं होतं. सध्या झाकली मूठ आहे. त्याचीही झाकलीय, माझीही. पण जूनमध्ये तो बाजूच्या सीटवर बसणार, माल्डविन मागं घोरणार, आणि मी पोर्ट्समथपर्यंत दीडशे मैल चालवणार — आणि गेथिन मला अडवणार नाही. हीच भीती आहे. मान राखायला म्हणून गप्प बसेल आणि माझ्याबरोबर मरेल तो गाढव. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय. म्हणून व्हॅनच नको. व्हॅन गेली की सगळे सुटले. कळलं? म्हणून घेऊन टाका तुम्ही ही, भाव जाहिरातीत दिलाय त्यात दहा-वीस खाली-वर करा हवं तर, आणि सहाच्या आत—

किती वाजले? साडेचार? मग आहे वेळ.

हां, ते बरोबर आहे. उजेडात बघितल्याशिवाय कोण घेईल? मीही नसती घेतली. ठीक आहे, काढू या बाहेर. चावी ही घ्या. नाही नाही, तुम्हीच काढा, मालकीण होणार आहात, हात बसू दे. मी मागं उभा राहतो. मागं घेताना रस्ता दाखवणं हा तर माझा हातखंडा आहे, त्या कॅम्पात इकडे वीतभर आणि तिकडे वीतभर जागेतून मी — चालू करा. ऐका, ऐका तो आवाज! कशी बोलते बघा! रिव्हर्स टाका. हां, या. या, या, सरळ. स्टिअरिंग थोडं तुमच्याकडे. बस्स. या अजून. भरपूर जागा आहे. या, या, या, अजून आहे जागा, बिनधास्त या—

अरे!

थांबा. थांबा, उतरू नका. लागलं का तुम्हाला? नाही ना? दिवा फुटला वाटतं. काच वाजली. फाटकाचा खांब — तो खांब जरा पुढंच आहे, सगळ्यांचं होतं तिथं, पोस्टमनचंही झालंय एकदा. मी सांगणारच होतो तुम्हाला. तुमची चूक नाही, तुम्ही मी सांगितलं तसंच — मीच म्हटलं जागा आहे. खांब हा इथं, माझ्या हाताला लागतोय. चाळीस वर्षांपूर्वी मीच रोवलाय तो. असं करू या, मागचा दिवा मी नवीन आणून देतो, भावातून वगळा. किंवा राहू दे दिवा. तुम्ही अशीच घेऊन जा, लगेच, आत्ताच. कागद मी सही करून देतो, बोट ठेवा कुठं करायची तिथं. ऐकताय ना? माझ्याकडे बघताय का तुम्ही? बघताय का? मला कळत नाहीये.

गाडी आली एक. नाही, ती पुढं जाईल, ती मॉर्गनच्या — नाही. डिझेल आहे. तिसऱ्या गिअरला खोकते ती. गेथिन. सहाला येणार होता ना हा? एवढ्यात कसा? मला मदत करायला लवकर आला असेल, पेटी उचलायला — पोरी, ऐक, माझं एक काम कर. त्याला सांग, तू आपल्या आपणच मागं घेत होतीस, मी शेडमध्ये होतो. तुझं काय जातंय? तू त्याला पुन्हा कधी भेटणार आहेस? सांगशील ना? दार वाजलं. उतरला का तो? कुठं बघतोय, दिव्याकडे की माझ्याकडे? उभा का राहिलाय? चेहरा कसा दिसतोय त्याचा, तेवढं सांग मला — नको. नको, सांगू नकोस काही. त्यालाही काही सांगू नकोस. तू जा आता. व्हॅन विकायची नाही. चावी दे इकडे, माझ्या हातात दे, आणि जा.

गेथिन! अरे, खांब मला दिसला नाही रे.